गांजाच्या डबीवरचं ‘मिरसीन’ आणि आपला मसाल्याचा डबा

टोरांटोला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्ये व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच्या रूम पार्टनरने दुकानातून आणलेली गांजाची डबी. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ माणसाला गांजा विकत घेता येतो, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. डबीवर टीएचसी या गांजातल्या मुख्य रसायनाचा आकडा होता, त्याच घराण्यातल्या सीबीडीचा होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘एकूण टर्पीन २.४ टक्के’. पुढे नावं: मिरसीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन. सोबत भाच्याचा प्रश्न. “मामा, तू केमिस्ट्री शिकवायचास ना? दुकानदार म्हणतो, टीएचसी बघू नका, टर्पीन बघा. मिरसीन असलं की झोप येते, लिमोनीन असलं की मूड छान होतो. हे सायन्स आहे की ज्योतिष?”

मी उत्तर दिलं, निम्मं सायन्स, निम्मं ज्योतिष. कुठलं निम्मं कुठलं, हे मात्र मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. जर्मनीनेही १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना ठरावीक प्रमाणात गांजा जवळ बाळगायला मुभा दिली. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांकडून हे शब्द आता इथल्या घरांतही ऐकू येतात. म्हणून हा लेख.

संत्र्याची साल आणि मेणबत्ती

दिवे गेले की आमच्याकडे मेणबत्ती लागायची, आणि नागपुरी संत्र्यांचे दिवस असले तर मेणबत्तीपाशी साली घेऊन आम्ही पोरं. साल दुमडून ज्योतीवर पिळली की चर्र आवाज होऊन बारीक ठिणग्या उडायच्या. सालीत तेलाच्या इवल्या पिशव्या असतात. त्या फुटून फवारा उडतो आणि तो पेट घेतो. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच रसायनाचा असतो: लिमोनीन. डबीवरचं लिमोनीन ते हेच.

टर्पीन म्हणजे मुख्यतः वनस्पतींनी बनवलेली, वासाची, तेलकट आणि बहुतेक वेळा चटकन उडून जाणारी रसायनं. त्यांची घडण माळेसारखी असते. पाच कार्बन अणूंचा एक मणी धरा. दोन मणी ओवले की मोनोटर्पीन, तीन ओवले की सेस्क्विटर्पीन. दोन मण्यांची टर्पिनं हलकी, भुर्रकन उडणारी; तीन मण्यांची जड, रेंगाळणारी. एवढा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. त्यांच्यात ऑक्सिजन शिरला की पुस्तकात टर्पिनॉइड म्हणतात, पण दुकानात आणि बोलण्यात सगळ्यांना टर्पीनच म्हणतात, मीही तेच करतो.

हे नाव आलं टर्पेंटाइनवरून. रंगारी ब्रश धुतो ते, चिडाच्या राळेतून काढलेलं. त्याच्या वासातलं मुख्य टर्पीन पायनीन. या घराण्याची रचना उलगडण्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांचा मोठा वाटा होता आणि १९१० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता मसाल्याचा डबा उघडा. मिरीत कॅरिओफिलीन. धण्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनॅलूल, जे लव्हेंडरचं म्हणून जगभर मिरवतं. गवती चहात सिट्रल. देवघरातला कापूर याच घराण्यातला. हापूससुद्धा: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आंब्यांच्या वासावर बरंच काम झालंय आणि हापूसच्या वासात ओसिमीन नावाचं टर्पीन ठळक आढळतं. मिरसीन आंब्याच्या काही जातींत असतं आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समध्ये भरपूर असतं. हॉप्सची वेल गांजाची सख्खी नातेवाईक, दोघंही एकाच कुळातले.

थोडक्यात, डबीवर ज्या टर्पिनांची नावं एवढ्या दिमाखात छापली होती त्यांतलं एकही गांजाचं खास स्वतःचं नाही.

झाडाला हे कशाला हवं?

तुळशीचं पान भिंगाखाली धरा. पृष्ठभागावर चकाकणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात, म्हणून न चुरगळलेली तुळस फारशी दरवळत नाही. गांजाच्या मादी झाडाच्या तुऱ्यांवर अशाच ग्रंथी असतात, फक्त जास्त दाट आणि देठावर उभ्या. भिंगातून बघितलं तर काचेच्या गोटीला बारीक दांडा लावल्यासारख्या. हिमाचलात मलाण्याकडे तुरे तळहातांवर चोळून चरस काढतात. हातावर जो काळपट चिकट थर चढत जातो, तो या हजारो गोट्यांमधला ऐवज.

टर्पीन आणि टीएचसी दोन्ही याच गोटीत तयार होतात. दोघांचा कच्चा मालही काही अंशी एकच आहे. दोन मण्यांचा एक तुकडा झाड आधी बनवतं. त्यातून एका वाटेने टर्पीन होतं आणि दुसऱ्या वाटेने, आणखी एक रसायन जोडून, टीएचसीच्या घराण्यातले रेणू होतात. एकाच कणकेच्या पोळ्याही आणि पुऱ्याही.

झाड हे स्वतःच्या बचावासाठी करतं. टर्पिनांनी काही किडे दूर राहतात, काही बुरशींना आळा बसतो. गांजाचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे मोगऱ्यासारखं कुणाला वासाने बोलवायचं कारण त्याला नाही. आपल्याला त्या वासाने काय वाटतं याचा झाडाने कधी विचार केलेला नाही.

मग चढतं कशाने?

टीएचसीने. इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना मांडली. मेंदूतल्या पेशींवर ‘सीबी१’ नावाची जागा असते. टीएचसी तिथे जाऊन बसतं, आणि तिथून पुढे वेळ लांबल्यासारखा वाटणं, भूक, हसू, कधी धडधड आणि भीती. झाडावर असताना ते टीएचसी नसतंच. त्याचं आम्लरूप असतं, ज्याने चढत नाही. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं.

दुकानातल्या वाळलेल्या गांजात टीएचसी हल्ली पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त असतं. सगळी टर्पिनं मिळून साधारण एक ते तीन टक्के. आणि टर्पीन अजिबात नसलेलं, प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी अमेरिकेत १९८५ पासून मान्यताप्राप्त औषध आहे. केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ थांबवायला देतात. त्याला गांजाचा वास नाही, तरी चढायचं तेव्हा चढतं. म्हणून ‘नशा टर्पिनांची’ असं कुणी सांगितलं तर ते थेट चूक आहे.

दुकानदाराचा दावा याहून सावध असतो. तो म्हणतो, नशा टीएचसीचीच, पण तिचा रंग टर्पिनं ठरवतात.

नवरदेव आणि वऱ्हाड

या दाव्याला इंग्रजीतून आलेलं नाव आहे ‘आन्तुराज परिणाम’. आपण लवाजमा म्हणू. नवरदेव एकटा आला तर कुणी वळूनही बघत नाही, तो वऱ्हाडासकट आला की मांडव हलतो, अशी कल्पना. टीएचसी नवरदेव आणि टर्पिनं वऱ्हाडी.

गंमत अशी की ही कल्पना मुळात गांजाच्या झाडाबद्दल नव्हतीच. १९९८ मध्ये मेशूलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शरीरात तयार होणाऱ्या, गांजासारखं काम करणाऱ्या एका रेणूचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की त्याच्या आसपास असलेले, एरवी निष्क्रिय रेणू सोबत असले तर त्याचा परिणाम वाढतो. तो लवाजमा शरीरातला होता. पुढे २०११ मध्ये ईथन रुसो या अमेरिकी डॉक्टरांनी एक सविस्तर लेख लिहून तीच कल्पना झाडातल्या टर्पिनांना लावली: लिंबाच्या वासाच्या टर्पिनाने काय होऊ शकेल, लव्हेंडरच्या टर्पिनाने काय. लेख अभ्यासपूर्ण होता, पण त्यातलं बरंच काही ‘तपासून बघायला हवं’ या जातीचं होतं. बाजाराने तपासण्याची वाट बघितली नाही. कोष्टकं छापून मोकळा झाला.

तपासल्यावर काय दिसलं?

आधी एक ठोस गोष्ट. मिरीतलं कॅरिओफिलीन ‘सीबी२’ या, सीबी१च्या धाकट्या भावंडासारख्या जागेवर खरोखर जाऊन बसतं. युर्ग गेर्ट्श यांच्या गटाने हे २००८ मध्ये दाखवलं. सीबी२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असते, तिने चढत नाही. सूज आणि वेदनेशी तिचा संबंध आहे. म्हणजे एक वऱ्हाडी तरी मांडवात बसलेला सापडला, फक्त दुसऱ्या मांडवात.

बाकीच्यांचं काय? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गांजातली नेहमीची टर्पिनं पेशींवर टाकून बघितली. त्यांनी सीबी१ला किंवा सीबी२ला हात लावला नाही आणि टीएचसीच्या कामातही ढवळाढवळ केली नाही. मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. तिथे उलट निकाल आला: काही टर्पिनांनी उंदीर गांजा दिल्यासारखे वागले आणि गांजासदृश औषधाबरोबर दिली तर परिणामात भर पडली. मात्र ती इंजेक्शनने दिली होती, दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅमपर्यंत.

माणसांवरचा, मला सगळ्यात पटलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वीस निरोगी प्रौढांना वाफेतून कधी नुसतं टीएचसी, कधी नुसतं लिमोनीन, कधी दोन्ही मिळून दिलं. कधी काय दिलं हे त्यांना कळू दिलं नव्हतं. टीएचसीचा मोठा डोस, ३० मिलिग्रॅम, घेतल्यावर जी घबराट आणि संशय वाटतो, तो सोबत लिमोनीन असताना कमी झाला. लिमोनीन जितकं जास्त तितका फरक ठळक, १५ मिलिग्रॅमला सगळ्यात स्पष्ट. बाकीच्या परिणामांत फारसा बदल नाही. नुसत्या लिमोनीनने तर काहीच झालं नाही.

आता जरा हिशेब करू, कारण दुकानातलं कोष्टक हा हिशेब कधी मांडत नाही. समजा एका गांजात लिमोनीन अर्धा टक्का आहे, हे बरंच झालं. एक ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम. प्रयोगातले १५ मिलिग्रॅम गाठायला तीन ग्रॅम ओढावा लागेल, तेही एक कणही वाया न जाता. आणि वीस टक्के टीएचसीच्या हिशेबाने त्या तीन ग्रॅममध्ये टीएचसी होईल ६०० मिलिग्रॅम. प्रयोगातल्या मोठ्या डोसाच्या वीसपट! घबराट शमवायला निघालेला माणूस आधी घबराटीतच बुडेल.

लव्हेंडरचंही असंच. जर्मनीत चिंता आणि बेचैनीसाठी लव्हेंडर तेलाची कॅप्सूल मिळते, एकीत ८० मिलिग्रॅम तेल. गांजाच्या एका सिगरेटीत लिनॅलूल किती? चांगल्यातला चांगला माल धरला तरी एखाद-दोन मिलिग्रॅम. गिळणं आणि ओढणं यांची थेट तुलना होत नाही, हे मान्य. पण चिमूट आणि पसा यांतला फरक झाकत नाही.

‘पण मला स्वतःला फरक जाणवतो, त्याचं काय?’

जाणवत असेल. खोटं म्हणण्याचं कारण नाही. देवळात शिरलं की कापराच्या आणि उदबत्तीच्या वासाने मन निवतं. त्यासाठी कापूर रक्तात उतरायची गरज पडत नाही. वास आठवणींना आणि अपेक्षांना सरळ जाऊन भिडतो. लिंबासारखा ताजा वास आला, डबीवर ‘उत्साहवर्धक’ लिहिलेलं असलं, दुकानदाराने तेच सांगितलं, तर ओढणारा उत्साहाची वाट बघत बसतो आणि बहुधा तो येतोही. त्यातून दोन डब्यांत टीएचसीही वेगळं, त्या दिवशी पोटात काय होतं तेही वेगळं. यातलं टर्पिनाने किती केलं हे घरबसल्या वेगळं काढता येत नाही. हॉपकिन्सवाल्यांनी कुणाला काय दिलं हे झाकून ठेवलं ते याचसाठी.

इंडिका आणि सॅटिव्हा

दुकानांतली जुनी विभागणी अशी: इंडिका सुस्त करते, सॅटिव्हा तरतरी देते. सॅटिव्हा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. इंडिका हे नाव फ्रान्सच्या लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडाला दिलं. म्हणजे यात आपलाही थोडा हात आहे. सॅटिव्हा म्हणजे लागवडीचं आणि इंडिका म्हणजे भारतातलं; ती नावं ओढणाऱ्याच्या मूडवरून ठेवलेली नव्हती.

कॅनडा आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी जवळपास तीनशे नमुन्यांची जनुकं आणि रसायनं ताडून पाहिली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ‘इंडिका’ म्हणून विकलेले नमुने जनुकांनी एकमेकांचे सख्खे निघाले नाहीत, ‘सॅटिव्हा’चेही नाहीत. पण थोड्या टर्पिनांशी लेबलं जुळली: मिरसीन असलेल्या, मातकट वासाच्या मालाला लोक इंडिका म्हणत होते, आणि फळा-फुलांच्या गोडसर वासाच्या मालाला सॅटिव्हा. पिकवणाऱ्यांनी वंशावळ न बघता नाकानेच नावं ठेवलेली. मला यात हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. आपल्याकडे बाजारात देवगडचा हापूस म्हणून काय काय विकलं जातं ते आठवा. तिथेही शेवटी पेटी नाकाशी धरणाराच खरं ओळखतो.

आंबा खाऊन ओढलं की जास्त चढतं म्हणे!

आंब्यात मिरसीन, मिरसीनने टीएचसी मेंदूत लवकर शिरतं, असा हा तर्क. माणसांवर तपासून सिद्ध झालेलं असं यात काही नाही, आणि खाल्लेलं मिरसीन रक्तात जाण्याआधी यकृतातून जातं. अर्धा टक्क्याहून जास्त मिरसीन म्हणजे माणूस सोफ्याला चिकटणार, हा नियमही असाच हवेतला. आंबा आंब्यासाठी खावा.

तो टिपिकल उग्र वास टर्पिनाचा नाहीच

लिमोनीन संत्र्यात, पायनीन चिडात, मग जिन्यात येतो तो गांजाचा ओळखू येणारा उग्र दर्प कुणाचा? अमेरिकेत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याच्या दर्पाची उपमा देतात. २०२१ मध्ये रसायनतज्ज्ञांनी त्यामागचा गुन्हेगार पकडला: गंधक असलेले रेणू. त्यांतला मुख्य रेणू उन्हात राहून बिघडलेल्या बिअरमध्येही तयार होतो. हिंगाची डबी उघडल्यावर नाक झटकन मागे जातं, तेही गंधकाच्या रेणूंमुळेच, लसणाचंही तसंच. असे रेणू इतके तीव्र असतात की नावापुरते असले तरी सगळा जिना भरून जातो. डबीवर ‘एकूण टर्पीन’ लिहिणाऱ्यांनी या खऱ्या नायकाचं नाव कुठेच घातलं नव्हतं.

नैसर्गिक आहे, मग घाबरायचं कशाला?

लिमोनीन खाण्यात असणं आणि लालबुंद तापवलेल्या पृष्ठभागावर जाळून छातीत ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांजाचा घट्ट अर्क फार तापवून ओढण्याचा प्रकार परदेशात चालतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की त्या तापमानात टर्पिनं मोडतात आणि मेथाक्रोलीन, बेंझीन असे घातक पदार्थ तयार होतात. बेंझीन कर्करोगकारक आहे.

व्हेपमध्ये, म्हणजे बॅटरीवर तेल तापवून वाफ ओढायच्या यंत्रात, वासासाठी आणि तेल पातळ करायला टर्पिनं वरून घालतात, तिथे प्रमाण झाडातल्यापेक्षा बरंच चढू शकतं. अमेरिकेत २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होऊन ६८ माणसं दगावली, तेव्हा मुख्य संशयित ठरलं ते ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट, टर्पीन नव्हे. पण तेही ‘जीवनसत्त्व’च होतं, खाताना निरुपद्रवी.

आणि आपल्याकडे?

आयुर्वेदात ही वनस्पती विजया. ‘आपल्याकडे अख्खी वनस्पती देतात, म्हणजे लवाजम्याची कल्पना आपलीच’, असं मला एकाने ठासून सांगितलं. पण औषधात वापरण्याआधी भांगेचं शोधन करतात: पाण्याने धुणं, वाळवणं, गाईच्या तुपात परतणं. कढईत परतताना स्वयंपाकघर दरवळतं ना, तोच वास पानातून गेलेला असतो. जे खलात उरतं त्यात उडणारी टर्पिनं थोडीच.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, चरस येतो आणि गांजा येतो; गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. टर्पिनांवर बंदी नाही. ती फरशी पुसायच्या लिंबाच्या वासाच्या द्रवातही असतात. पण डबीवरचं टर्पिनांचं कोष्टक दाखवून इथे कुणाची सुटका होणार नाही.

भाच्याला मी काय लिहिलं

हे सगळं त्याला पाठवायच्या आधी मी तो फोटो पुन्हा मोठा करून बघितला. हलकी टर्पिनं लवकर उडतात हे आपण सुरुवातीला पाहिलं. मिसिसिपी विद्यापीठात १९९६ मध्ये मोजमाप झालं होतं: ताज्या तुऱ्यांतलं सुगंधी तेल आठवड्याभराच्या वाळवणीत जवळपास तिसरा हिस्सा घटलं, तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त. आधी उडाली ती दोन मण्यांची, म्हणजे मिरसीन आणि लिमोनीनच्या जातीची. मिरीतलं जड कॅरिओफिलीन मागे राहिलं. हे उघड्यावर वाळवलेल्या मालाचं. डबी बंद असली तर वेग कमी होतो, पण रोज उघडझाप असली की थांबत नाही.

डबीच्या कडेला पॅकिंगची तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची. मी तिच्याभोवती लाल गोल काढला आणि फोटो परत पाठवला. खाली लिहिलं, “२.४ टक्के तेव्हा होते. आता झाकण उघडून हुंगायला सांग त्याला, मिरीचा वास येतो का.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “येतो. लिंबाचा नाही.”